ताप उतरल्यानंतर: आजारातून उठलेल्या बाळाची वाढ कशी सांभाळायची

कोकणात तान्हं मूल आजारी पडलं की अख्खी वाडी धावते. कुणी रिक्षा बघतं, कुणी खाडीपार नेणाऱ्या तरीची वेळ विचारून येतं, कुणी मुंबईला फोन लावतं. चार दिवसांनी ताप उतरतो, बाळ घरी येतं आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. भाताची लावणी खोळंबलेली असते, चाकरमान्याची रजा संपलेली असते. पुढे महिनाभर एकच प्रश्न विचारला जातो, वजन भरलं का? बाळ पूर्वीसारखं बघतं का, हसतं का, हाक मारल्यावर वळतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नांसाठी आहे. जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि त्यांना सांभाळणाऱ्या आई, बाबा, आजी, आत्या, शेजारीण अशा सगळ्यांसाठी.

आजार वाढीला कुठे अडवतो

काही आजार मेंदूवर थेट घाव घालतात. मेंदूज्वर, जन्मल्यावर लगेच न रडणं, नवजात बाळाची हाताबाहेर गेलेली कावीळ, रक्तातली साखर फार खाली जाणं. यांची नोंद दवाखान्याच्या कागदावर असते, पण दोन वर्षांनी मूल बोलत नाही म्हणून विचारपूस सुरू होते, तेव्हा तो कागद कुठल्या ट्रंकेत गेला ते घरात कुणाला आठवत नाही.

वारंवारचे जुलाब, न्यूमोनिया, जंत यांची वाट आडवळणाची असते. भूक मरते, आणि पोटात जे जातं ते वाढीऐवजी आजाराशी झगडण्यात खर्च होतं. लोह कमी पडतं. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं नाही. मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढायला आणि निरोप पोचवणारी रसायनं तयार व्हायलाही ते लागतं. ही कामं पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जोरात चालू असतात.

तिसरी वाट घरात सहसा लक्षातच येत नाही. अशक्त मूल गप्प होतं. रांगत नाही, हात पुढे करत नाही, आवाज काढत नाही. मग मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात, कमी खेळतात, कारण समोरून काही येतच नाही. ‘शांत आहे हो, काही त्रास नाही’ असं कौतुकानं सांगितलं जातं. मुलाकडून मागणी कमी म्हणून मिळणं कमी, आणि मिळणं कमी म्हणून शिकणं कमी, असं हे चक्र आजार संपल्यावरही फिरत राहतं.

ते तोडता येतं, आणि त्याचा भक्कम पुरावा आहे. जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1980 च्या दशकात खुरटलेल्या 129 लहान मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जाई आणि आईला मुलाशी कसं खेळावं, कसं बोलावं ते घरातल्याच वस्तूंनी दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिलं, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ शिकवला गेला होता त्या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा परिणाम इतका टिकला नव्हता. याचा अर्थ खाणं बिनमहत्त्वाचं असा मुळीच नाही. खाऊ घालणाऱ्या हाताने खेळवलंही पाहिजे, एवढाच.

उलट बाजूही माहीत असावी. 1945 साली रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी दोन ठिकाणच्या बाळांची तुलना केली. एक अनाथालय होतं, स्वच्छ, पोटभर खाणं देणारं, पण तिथे एकेका दाईकडे अनेक बाळं. दुसरं ठिकाण स्त्रियांच्या तुरुंगातलं बालकगृह, जिथे आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. वर्षभरात अनाथालयातली बाळं वाढीत फार मागे पडली, तुरुंगातली नाही. ओळखीचा, आपला असा माणूस रोज जवळ असणं ही बाळाची गरज आहे, लाड नव्हेत.

पायरी 1: आजार चालू असताना

इथे थोडक्यात सांगते, कारण इथे वेळ घालवायचा नसतो. बाळ दूध ओढत नाही किंवा काहीच पीत नाही, पोटात घेतलेलं सगळं उलटून पडतं, आकडी येते, हाक मारूनही जागं होत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. श्वास मोजायला शिका: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोजायचं. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त भरले तर तो वेगवान श्वास, म्हणजे न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, तरी घरी उपाय करायचा नाही.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच्या पूर्ण. सोबत डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला मीठ घातलेली पेज उत्तम. शहाळ्याचं पाणी कोकणात सगळ्यांना पहिलं आठवतं. ते द्यायला हरकत नाही, पण त्यात सोडियम कमी असतं, ओआरएसची जागा ते घेऊ शकत नाही. अंगावरचं दूध कुठल्याही आजारात थांबवायचं नाही.

तापात आलेल्या आकडीने घर हादरतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाची साधी, काही मिनिटांत थांबणारी आकडी बहुतेक मुलांच्या बुद्धीवर परिणाम करत नाही. कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काही घालू नका, आणि पहिली आकडी असेल तर डॉक्टरांना दाखवाच. मेंदूज्वर नाही ना, हे त्यांनीच ठरवायचं आहे.

पायरी 2: दवाखान्यात

एके काळी रुग्णालयं आईबापांना आजारी मुलापासून लांब ठेवत. 1959 साली ब्रिटनमध्ये हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पालकांना मुलाजवळ येण्यावरची बंधनं उठवायला सांगितलं, आणि हळूहळू जगभर विचार बदलला. आजही भरती झालेल्या मुलाजवळ कोण थांबणार, हे ठरवताना आपण मोठ्यांची सोय बघतो. रात्री एक, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. जमेल तितकं एकच किंवा दोनच माणसं आलटूनपालटून थांबा. घरची गोधडी न्या. सुई टोचताना ‘नाय टोचणार’ असं खोटं सांगू नका. ‘टोचेल, मी धरलंय’ म्हणा आणि खरोखर धरा. दोन वर्षांच्या मुलाला शब्दांपेक्षा हाताची पकड कळते.

बाळ काचेच्या पेटीत ठेवलं असेल, म्हणजे कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न स्वतःहून विचारा: छातीशी कधी धरता येईल? नुसतं लंगोट आणि टोपी घालून, आईच्या उघड्या छातीवर, तासन् तास. ही कांगारू पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे होते म्हणून सुरू झाली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर जन्मानंतर लगेचच ती सुरू करायला सांगितलं. बाबाही धरू शकतात, मावशीही. घरी आल्यावरही चालू ठेवायची.

पायरी 3: घरी निघताना

डिस्चार्जच्या गडबडीत लोक औषधांच्या वेळा विचारतात आणि निघतात. त्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या.

आजाराचं नाव, साध्या मराठीत. आणि ‘याचा पुढे वाढीवर परिणाम होऊ शकतो का, कधी तपासायचं?’ या प्रश्नाचं उत्तर.

कानांची तपासणी. मेंदूज्वर, खूप वाढलेली कावीळ, अतिदक्षता कक्षात बरेच दिवस राहणं, यानंतर ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि ते नुसतं बघून कळत नाही. मागून थाळी वाजवून घेतलेली घरगुती परीक्षा भरवशाची नाही, कारण बाळ हवेच्या झुळकीने, सावलीनेही वळतं. नवजात बाळाच्या कानांची पहिली तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावा, असा जगभरचा नियम आहे. मेंदूज्वरानंतरची तपासणी घरी जाण्यापूर्वी किंवा फार तर महिनाभरात करून घ्या.

डोळ्यांची तपासणी. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून महिन्याच्या आत तपासलाच पाहिजे, फार लहान बाळाचा त्याहूनही आधी. इथे उशीर झाला तर दृष्टी जाते आणि परत येत नाही. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग किंवा मुंबई, जिथे जावं लागेल तिथे जा. सगळे कागद माता बाल संरक्षण कार्डाच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात कोकणातला कागद टिकत नाही.

पायरी 4: पहिले दोन-तीन आठवडे

सहा महिन्यांवरच्या बाळाला आजारानंतर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. भूक परत येते तेव्हा मूल झपाट्याने खातं. तीच वेळ असते. नाचणीचं सत्त्व, मऊ भात आणि कुळथाची पिठी, तूप किंवा खोबरेल तेल घालून, अंडं, काटे नीट काढलेला बांगडा किंवा तारली. आपल्या किनाऱ्यावरची ही स्वस्त मासळी मेंदूला लागणाऱ्या स्निग्धांशाने भरलेली आहे. लहान मुलाला मासे ‘उष्ण पडतात’ म्हणून सूप-बिस्किटावर ठेवणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका.

आणि चहा. सकाळी वाटीभर चहात बटर बुडवून दीड वर्षाच्या मुलाला भरवणं कोकणात घरोघरी दिसतं. मूल आवडीने खातं, पोट भरतं, आजीला समाधान. पण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि आजारातून उठलेल्या मुलाला नेमकं तेच हवं असतं. लहान मुलांसाठी चहा बंदच करा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा लोहाचं 1 मिली औषध आशाताईंकडून मिळतं. आजारपणात ते थांबवलं असेल तर कधी सुरू करायचं ते विचारून घ्या. वर्षावरच्या मुलांना जंताची गोळीही अंगणवाडीतून मिळते.

आता खेळ, जो लोक ‘बरं झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलतात. मरणाच्या दारातून आलेल्या मुलाला घर जपायला लागतं. ‘आधीच पोर आजारी, तेका खाली सोडू नको’ असं आजी म्हणते आणि बाळ दिवसभर कडेवर राहतं. हे प्रेमच आहे. पण 1964 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी, ग्रीन आणि सोल्निट यांनी, अशीच मुलं वर्णन करून ठेवली आहेत. आजार कधीच संपला होता, पण ‘हे जाईल’ ही भीती आईबापांच्या मनातून गेली नव्हती. आणि ती मुलं आईपासून दूर राहायला, झोपायला, शाळेत अडखळत होती. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ताप गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाळ चटईवर. जाग्या वेळी थोडा वेळ पालथं, बसणाऱ्याला समोर दोन वस्तू ठेवून, रांगणाऱ्याला थोडं लांबून बोलावून.

खेळणी आणायला चिपळूण-कणकवलीला जायला नको. घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या एकमेकींत बसवायच्या, वाटीत चमचा वाजवायचा, झावळीचं भिरभिरं, फडक्याखाली लपवलेली वाटी. फक्त सुट्ट्या बिया नकोत. चिंचोके, काजू, करवंदाच्या बिया तीन वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात. कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलाने तर कातडी भाजते.

खरी गोष्ट वस्तूंत नाहीच. बाळ काहीतरी करतं, बघतं, बोट दाखवतं, हुंकार देतं, आणि तुम्ही त्यालाच उत्तर देता. बाळ ‘ऊ’ म्हणतं, तुम्ही ‘ऊ’ म्हणता, थांबता, ते पुन्हा म्हणतं. अंघोळीच्या वेळी, भरवताना, मासे साफ करतानाही हे होतं. आजारातून उठलेलं मूल उत्तर द्यायला वेळ लावतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त थांबा. मालवणी, आगरी, संगमेश्वरी, जी घरची बोली असेल तीत बोला. मुलासाठी मुद्दाम परकी भाषा आणू नका. दोन वर्षांखाली मोबाइल आणि टीव्ही नकोच (घरच्या माणसाशी बोलण्यापुरता फोन सोडून), त्यापुढेही दिवसाला एक तासाच्या आत. जुलैतल्या पावसात चार भिंतींत अडकलेल्या मुलाला मोबाइल देण्याचा मोह होतो, हे मला माहीत आहे. पडवीत बसून पागोळ्या दाखवा. त्यातही बोलायला पुष्कळ आहे.

पायरी 5: बाळ खरोखर कोणाकडे असतं

एका कागदावर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासासमोर, बाळ कोणाच्या नजरेखाली असतं, ते खरं खरं लिहा. लावणीच्या दिवसांतला एक कागद, मासेमारीच्या हंगामातला एक, आंब्याच्या किंवा काजूच्या दिवसांतला एक. पहाटे बंदरावर लिलावाला जाणारी आई, काजू कारखान्यातली आई, शेतावर गेलेले सगळे, आणि घरी आजी नाहीतर आठ वर्षांची ताई. कागदावर हे मांडलं की मधली मोकळी जागा दिसते.

ती जागा भरायचे मार्ग घराप्रमाणे वेगळे. वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून एक मोठी बाई ठरवणं, लावणी आळीपाळीने, आजोबांना रोजचा एक ठरलेला तास. पुरुष मुलं सांभाळत नाहीत ही समजूत सोडून द्या. जाळी विणणारे आजोबा तासभर बोलत बसले तरी बाळाला भरपूर मिळतं. आठ-दहा वर्षांच्या बहिणीवर दिवसभराचा भार टाकणं दोन्ही मुलांवर अन्याय आहे, आणि विहीर, खाडी, पऱ्या (ओढा) जवळ असताना ते धोक्याचंही आहे. मुंबईला असलेल्या बाबांनी रोज एकाच वेळी फोन करावा आणि पडद्यावर गप्प न बसता बाळाचं नाव घेऊन बोलावं, गाणं म्हणावं.

ज्यांना हे सगळं सर्वांत अवघड, त्यांचा विचार वाडीने करावा. आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं, रायगडातले वीटभट्टीवर जाणारे कातकरी. त्यांची लहान मुलं महिनोन् महिने कुणाच्या नोंदीत नसतात. बागमालकाने आशाताईंना एक फोन केला तरी लस आणि वजन सुरू होतं.

आईचाही तास त्या कागदावर हवा. आजारी बाळाचं करता करता ती स्वतः खचते. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू, झोप नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, ‘मी नसते तर बरं’ असे विचार, हे बाळंतपणाचं कौतुक किंवा नाटक समजू नका. आरोग्य केंद्रात बोला, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. खचलेली आई बाळाच्या हुंकाराला उत्तर देऊ शकत नाही. तिला सावरणं हाही बाळाच्या वाढीवरचाच उपाय आहे.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीचा धूर मात्र बंद करा. शेक गरम कपड्याने किंवा पाण्याच्या पिशवीनेही होतो. कोंडलेला धूर छातीचे आजार पुन्हा पुन्हा आणतो.

पायरी 6: नजर कशावर ठेवायची

आजारात मूल दोन पावलं मागे जातं, चालणारं रांगायला लागतं, बोलणारं गप्प होतं. ताप गेल्यावर थोड्या दिवसांत ते परत यायला लागलं पाहिजे. दोन-तीन आठवडे झाले तरी येत नसेल, तर दाखवा. आणि शिकलेली गोष्ट कायमची गेली, मग ती कुठल्याही वयात असो, तर अजिबात थांबू नका.

तारखा लक्षात ठेवायच्या त्या अशा. तीन महिने संपले तरी नजर देऊन हसत नाही. पाच महिने संपले तरी मान धरत नाही. नऊ महिने संपले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं तरी ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड नाही, किंवा नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाला एकटं चालत नाही किंवा एकही शब्द नाही. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, ‘आई ये’, ‘दूध दे’ असे. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत. यातलं काहीही असलं तरी तपासणी हवी. तपासणी म्हणजे आजार ठरला असं नव्हे. निरोगी मुलांतही कुणी नवव्या महिन्यात चालतं, कुणी सतराव्या. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

कमी दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून मोजा. दोन महिने आधी जन्मलेलं आठ महिन्यांचं बाळ सहा महिन्यांच्या बाळासारखं वागणार. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब.

दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून मिळतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, लगेच आरोग्य केंद्र गाठा. 12.5 च्या आत असेल तरी लक्ष हवं.

पायरी 7: कुणाकडे जायचं

पहिलं दार आशाताईंचं. जन्मानंतर 42 दिवसांपर्यंत त्या अनेकदा येतात, पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्यांची भेट ठरलेली असते. त्या भेटीत फक्त वजन आणि लस न बोलता ‘बाळ काय काय करतं’ तेही सांगा. दुसरं, अंगणवाडी: सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरपोच आहार, आणि तपासणीला येणारं आरोग्य पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच किनारपट्टीवरच्या पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला नक्की न्या. पथकाला वाटलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. तिथे कान, डोळे, हालचाल, बोलणं यांची तपासणी आणि उपचार मोफत असतात.

जाण्यापूर्वी घरी मोबाइलवर बाळाचे छोटे व्हिडिओ काढा: खेळताना, खाताना, हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं आणि ‘घरी सगळं करतं हो’ एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. दिवसभर जी बाई सांभाळते, तिला सोबत न्या. थेरपिस्ट व्यायाम दाखवतील तेव्हा ते तिच्या हातून एकदा करून घ्या, कारण महिन्यातून एकदा केंद्रात होतं त्यापेक्षा रोज चटईवर जे होतं त्याचाच उपयोग जास्त. पुढची तारीख लावणीत किंवा गणपतीत येत असेल तर तिथेच सांगून आधीची मागा, म्हणजे ती चुकणार नाही.